पोर्टेबल स्ट्रिंग फॉरमॅटिंग लायब्ररी मेंटेन आणि अपडेट कशी करायची

एसएनप्रिंटएफ म्हणजे सी मधलं, फॉरमॅटप्रमाणे मजकूर बनवून दिलेल्या बफरमध्ये लिहिणारं फंक्शन. तसं फंक्शन देणारी लायब्ररी बाहेरून बघितली तर एक सी फाइल आणि एक हेडर, एवढाच पसारा दिसतो, त्यामुळे ज्याच्याकडे ती सांभाळायला येते त्याला वाटतं की यात काय करायचंय, चालतंय तर चालू द्या. पण लोक अशी लायब्ररी घेतात तेच मुळी सिस्टिमच्या प्रिंटएफवर भरवसा नसतो म्हणून. कुणाला छोट्या बोर्डावर पूर्ण सी लायब्ररी परवडत नाही, कुणाला जुन्या विंडोज रनटाइमवर प्रोग्राम चालवायचाय, कुणाला लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीकडे अगदी तोच आउटपुट हवाय. म्हणजे तुमच्या लायब्ररीतून निघणारा प्रत्येक बाइट हाच तुमचा एपीआय आहे. फंक्शनची नावं आणि आर्ग्युमेंट्स तशीच ठेवली आणि '%जी'चा आउटपुट एका अक्षराने बदलला, तर कुणाचा तरी लॉग पार्सर, कुणाची तरी टेस्टची एक्स्पेक्टेड फाइल, कुणाचा तरी चेकसम गेलाच. म्हणून अपडेट करताना मी एकच प्रश्न आधी विचारतो, की आज चालणाऱ्या एखाद्या कॉलचा आउटपुट या बदलाने वेगळा येईल का, आणि येणार असेल तर तो स्टँडर्डच्या जवळ जातोय की लांब.

खाली जे लिहितोय ते सी येणाऱ्यांसाठी आहे. स्पेसिफायर आणि फंक्शनची नावं बोलताना म्हणतो तशीच लिहिलीयेत, '%डी', '%एस' वगैरे, कोडमध्ये काय टाइप करायचं ते तुम्हाला माहितीच आहे.

हात लावायच्या आधी आहे तो आउटपुट गोठवा

कोड वाचायला बसण्याआधी टेस्ट लिहा. आणि टेस्ट म्हणजे दहा-वीस हौशी उदाहरणं नव्हेत. प्रत्येक कन्व्हर्जनला फ्लॅग, विड्थ, प्रिसिजन आणि लेंथ मॉडिफायरची सगळी कॉम्बिनेशन्स लूपमधून तयार करायची, प्रत्येकाला ०, १, उणे १, सगळ्यात मोठी व्हॅल्यू, सगळ्यात लहान व्हॅल्यू द्यायची आणि जे काय निघेल ते एका फाइलमध्ये टाकून रिपॉझिटरीत कमिट करायचं. आत्ताचा आउटपुट चुकीचा असला तरी चालेल, तो तसाच नोंदवा. नंतर तुम्ही बग फिक्स कराल तेव्हा या फाइलच्या डिफमध्ये नेमकं काय बदललं ते दिसेल, आणि तेच चेंजलॉगमध्ये लिहायचं. रिव्ह्यू करणाऱ्यालाही कोडपेक्षा या डिफवरून जास्त कळतं.

दुसरी टेस्ट बफरच्या कडेची, आणि माझ्या मते या अख्ख्या लायब्ररीतली सगळ्यात कामाची टेस्ट हीच आहे. समजा एका फॉरमॅटचं पूर्ण उत्तर १२ बाइट्स आहे. तर बफर साइझ ० पासून १४ पर्यंत प्रत्येक साइझने तोच कॉल करायचा, बफरच्या पुढे-मागे ओळखीचे गार्ड बाइट्स ठेवायचे आणि दरवेळी चार गोष्टी तपासायच्या: रिटर्न व्हॅल्यू दरवेळी १२च आली का, लिहिलेला भाग पूर्ण उत्तराची सुरुवातच आहे का, साइझ ० नसेल तर शेवटी नल टर्मिनेटर पडला का आणि गार्ड बाइट्स जागेवर आहेत का. साइझ ० असताना बफरच्या जागी नल पॉइंटर देऊनही बघा, सी९९ मध्ये, म्हणजे सी स्टँडर्डच्या १९९९ च्या आवृत्तीत, ते चालतं. एवढं जरी रोज सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड आणि टेस्टमध्ये) फिरलं तरी ऑफ-बाय-वनच्या बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात.

तिसरी, सिस्टिमच्या प्रिंटएफशी तुलना. इथे जपून, कारण सिस्टिमचा आउटपुट म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. '%पी'चा आउटपुट स्टँडर्डने मोकळा सोडलाय, ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) नल पॉइंटरला कंसात निल छापते, बाकीचे काहीतरी वेगळंच छापतात. '%एस'ला नल देणं तर सरळ अनडिफाइंड आहे, ग्लिबसी कंसात नल छापून वेळ मारून नेते, पण जीसीसी कंपायलर '%एस' आणि न्यूलाइन एवढाच फॉरमॅट असेल तर प्रिंटएफचं पुट्स करून टाकतो आणि मग तोच प्रोग्राम क्रॅश होऊ शकतो. तेव्हा तुलना करताना कुठले फरक मान्य आहेत त्याची यादी टेस्टमध्येच ठेवा, डोक्यात ठेवू नका. आणि टेस्ट कंपाइल करताना नो-बिल्टिन फ्लॅग द्यायला विसरू नका, नाहीतर कंपायलर कॉन्स्टंट आर्ग्युमेंट्सचे कॉल कंपाइल करतानाच सोडवून टाकतो आणि तुम्ही लायब्ररीऐवजी कंपायलरचीच परीक्षा घेत बसता.

रिटर्न व्हॅल्यू

यावरून जितका गोंधळ झालाय तितका दुसऱ्या कशावरून झाला नसेल, कारण तो स्टँडर्डमध्येच होता. सी९९ म्हणतं की जागा पुरली असती तर किती बाइट्स लिहिले असते तो आकडा परत द्या, नल सोडून. पण १९९७ च्या सिंगल युनिक्स स्पेसिफिकेशनच्या दुसऱ्या आवृत्तीत साइझ ० असेल तर १ पेक्षा कमी काहीतरी द्या असं होतं. ग्लिबसी २.०.६ पर्यंत जागा कमी पडली की उणे १ द्यायची, २.१ पासून सी९९ प्रमाणे वागायला लागली. मायक्रोसॉफ्टचं अंडरस्कोरवालं एसएनप्रिंटएफ जागा कमी पडली की निगेटिव्ह आकडा देतं आणि वर नल टर्मिनेटरही टाकत नाही, सरळ स्टँडर्डप्रमाणे वागणारं एसएनप्रिंटएफ त्यांच्याकडे व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ ला आलं.

त्यामुळे तुमच्या लायब्ररीने सी९९ची बाजू घ्यायची आणि तिथून हलायचं नाही. कुणी कितीही म्हटलं की आमच्या जुन्या कोडला उणे १ लागतं, तर त्यांच्यासाठी वेगळ्या नावाचं छोटं फंक्शन द्या, पण मुख्य फंक्शनला कंपाइल-टाइम स्विच लावू नका, कारण एकाच प्रोग्राममध्ये दोन लायब्ररींनी तुमची दोन वेगळी बिल्ड्स ओढली की काय होईल ते कुणालाच सांगता येणार नाही.

एक बारीक गोष्ट राहतेच बऱ्याचदा. रिटर्न टाइप इंट आहे, पण आतला काउंटर इंट ठेवला तर मोठ्या विड्थने तो ओव्हरफ्लो होतो आणि साइन्ड ओव्हरफ्लो अनडिफाइंड आहे. आतला काउंटर साइझ-टी ठेवा आणि शेवटी इंटच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त झाला तर निगेटिव्ह परत द्या, पॉसिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड) यासाठी ई-ओव्हरफ्लो हा एरर सेट करायला सांगतं. फक्त ३२-बिट मशीनवर साइझ-टी सुद्धा भरू शकतो, म्हणून बेरीज करायच्या आधी जागा उरलीय का ते बघा, केल्यावर नाही. फॉरमॅटमधली विड्थ वाचतानाही तेच, कुणी '%'नंतर वीस आकडी विड्थ लिहिली तर दहाने गुणायच्या आधी तपासायचं.

प्लॅटफॉर्म ओळखायचा कसा

ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव बघून निर्णय घेणारा कोड दिसला की तो हळूहळू काढायला लागा. विंडोज म्हटलं तरी रनटाइम कुठला, मिंगडब्ल्यू (विंडोजवरचं जीसीसी) आहे का, त्यात स्टँडर्डप्रमाणे छापायला लावणारा एएनएसआय एसटीडीआयओचा मॅक्रो चालू आहे का, यावर सगळं बदलतं. त्यापेक्षा क्षमता तपासा: एक छोटा प्रोग्राम कंपाइल करून चालवायचा आणि बघायचं की सिस्टिमचं एसएनप्रिंटएफ बरोबर रिटर्न देतं का, साइझ-टी छापणारं '%झेडयू' कळतं का. पण क्रॉस-कंपाइल करताना, म्हणजे दुसऱ्या मशीनसाठी बिल्ड करताना, प्रोग्राम चालवता येत नाही, आणि तुमचे निम्मे युजर्स तेच करत असतात, तेव्हा त्या वेळी निराशावादी उत्तर धरा, म्हणजे सिस्टिमचं फंक्शन खराब आहे असं समजून स्वतःचं वापरा. थोडा कोड जास्त लिंक होईल, आउटपुट तरी बरोबर येईल.

टाइपच्या साइझवर भरवसा ठेवू नका हे सगळ्यांना माहिती असतं तरी हटकून चुकतं. ६४-बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटचा, ६४-बिट विंडोजवर ३२ बिटचा. लाँग डबल तर विचारूच नका, एक्स८६ लिनक्सवर ८० बिटचा फॉरमॅट, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये साध्या डबलएवढा, एआर्म ६४ लिनक्सवर १२८ बिटचा. साधा कॅरेक्टर एक्स८६ वर साइन्ड असतो आणि एआर्म लिनक्सवर अनसाइन्ड, त्यामुळे कॅरेक्टर टेबलमध्ये इंडेक्स म्हणून वापरला असेल तर एका मशीनवर चालतो आणि दुसरीकडे निगेटिव्ह इंडेक्स होतो. आकडा आहे का ते बघायला इझ-डिजिटऐवजी सरळ शून्य ते नऊ अशी तुलना करा, लोकेलचाही प्रश्न मिटतो.

कंपायलरकडून फॉरमॅट तपासून घ्यायचा अॅट्रिब्यूट हेडरमध्ये नक्की लावा, युजर्सच्या कितीतरी चुका तिथेच कळतात. मिंगडब्ल्यूवर जीसीसीला नुसतं प्रिंटएफ असं सांगितलं तर तो मायक्रोसॉफ्टचे नियम धरू शकतो आणि '%झेडयू'वर उगाच वॉर्निंग देतो, तिथे जीएनयू-प्रिंटएफ असं स्पष्ट सांगा कारण फॉरमॅट वाचणारा कोड तुमचा आहे, सिस्टिमचा नाही.

व्हीए-लिस्ट, जिथे पोर्टेबिलिटी खरी मोडते

व्हीए-लिस्ट म्हणजे फंक्शनला आलेली बदलत्या संख्येची आर्ग्युमेंट्स एकेक करून वाचायचं साधन. ३२-बिट एक्स८६ वर ती म्हणजे साधा पॉइंटर, हेल्परला दिला की त्याची कॉपी जाते. ६४-बिट लिनक्सवर तो एका स्ट्रक्टचा ॲरे असतो, फंक्शनला दिला की ॲरेचा पॉइंटर होतो आणि हेल्परने एक आर्ग्युमेंट वाचलं की कॉलरचाही पुढे सरकतो. आता एखाद्याने हेल्परला व्हीए-लिस्ट देऊन परत आल्यावर तोच पुढे वाचायचा कोड लिहिला तर एका मशीनवर अचूक चालतो आणि दुसऱ्या मशीनवर तेच आर्ग्युमेंट पुन्हा वाचतो, आणि क्रॅश झाला तर नशीब म्हणायचं कारण बऱ्याचदा तो होतही नाही, नुसते चुकीचे आकडे छापत राहतो. स्टँडर्ड स्वच्छ सांगतं की हेल्परने वाचल्यावर कॉलरकडची व्हॅल्यू अनिश्चित असते.

हेल्परला व्हीए-लिस्टचा पत्ता द्यावा तर तो फंक्शनचा पॅरामीटर असेल तेव्हा ॲरेवाल्या प्लॅटफॉर्मवर टाइप जुळत नाही. यावर सगळीकडे चालणारा उपाय असा: एक स्ट्रक्ट करा, त्यात व्हीए-लिस्ट हा एक मेंबर ठेवा, आत शिरल्या शिरल्या व्हीए-कॉपीने त्यात कॉपी करा आणि आतल्या सगळ्या हेल्परना त्या स्ट्रक्टचा पॉइंटर द्या. आधी लांबी मोजायची आणि मग लिहायचं असे दोन फेरे असतील तर प्रत्येक फेऱ्याला वेगळी व्हीए-कॉपी, आणि प्रत्येक कॉपीला व्हीए-एंड, एरर आल्यावर मध्येच बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवरसुद्धा.

वाचताना प्रमोशन लक्षात ठेवा. कॅरेक्टर आणि शॉर्ट इंट होऊन येतात, फ्लोट डबल होऊन येतो. '%एचएचडी'ला इंट वाचायचा आणि मग साइन्ड कॅरेक्टरमध्ये बदलायचा. इंटची सगळ्यात लहान व्हॅल्यू उणे चिन्ह काढून पॉझिटिव्ह करायला गेलात तर ओव्हरफ्लो, म्हणून आधी अनसाइन्डमध्ये न्या आणि मग शून्यातून वजा करा.

फ्लोटिंग पॉइंट बंद करून लायब्ररी छोटी करायचा ऑप्शन एम्बेडेडवाले हमखास मागतात आणि तो द्यायलाच हवा. पण बंद असतानाही '%एफ' आला की डबल वाचून टाकून द्यायचा, नुसतं दुर्लक्ष केलं तर त्याच्या पुढची सगळी आर्ग्युमेंट्स सरकतात आणि मग '%एस'ला कचरा पत्ता मिळतो.

इंटिजरचे कानेकोपरे

हे स्टँडर्डमध्ये स्पष्ट आहे तरी जुन्या लायब्ररींमध्ये हटकून चुकलेलं सापडतं. प्रिसिजन ० आणि व्हॅल्यू ० असेल तर '%डी' एकही आकडा छापत नाही, प्लस फ्लॅग असेल तर नुसतं प्लस. हॅश फ्लॅगसह '%ओ'ला तिथेही एक शून्य छापायचंच. हॅशसह '%एक्स'ला व्हॅल्यू ० असेल तर पुढचा शून्य-एक्स लावायचा नाही. इंटिजरला प्रिसिजन दिली की शून्य फ्लॅग रद्द, मायनस फ्लॅग असला की शून्य फ्लॅग रद्द, प्लस असला की स्पेस रद्द. स्टारमधून आलेली विड्थ निगेटिव्ह असेल तर मायनस फ्लॅग समजून तिची पॉझिटिव्ह किंमत घ्यायची, आणि प्रिसिजन निगेटिव्ह आली तर ती दिलीच नाही असं समजायचं.

फ्लोटिंग पॉइंट, इथे वेळ द्या

जुन्या पोर्टेबल लायब्ररींमध्ये '%एफ' बऱ्याचदा असा केलेला असतो: दहाच्या घाताने गुणा, अर्धा मिळवा, लाँगमध्ये टाका, आकडे छापा. हा कोड तुमच्याकडे असेल तर पहिलं मोठं अपडेट हेच करा. मोठा आकडा आला की लाँगमध्ये मावत नाही, आणि राउंडिंग तर छोट्या आकड्यांनाही चुकतं कारण गुणाकारातच एकदा राउंडिंग होऊन गेलेलं असतं.

डबलमधला प्रत्येक आकडा दशमान पद्धतीत अचूक लिहिता येतो, फक्त लांब असतो. सगळ्यात मोठ्या डबलला '%एफ'मध्ये पॉइंटच्या आधी ३०९ अंक लागतात आणि सगळ्यात लहान सबनॉर्मलला (शून्याच्या अगदी जवळच्या आकड्याला) पॉइंटनंतर १०७४ जागा. ८० बिटवाल्या लाँग डबलला पॉइंटच्या आधीच ४९३३. म्हणजे अचूक करायचं तर मोठ्या पूर्णांकांचं गणित आलं, आणि त्यासाठी सोपी पद्धत अशी की १०० कोटी हा बेस धरून ३२ बिटच्या शब्दांचा ॲरे ठेवायचा, त्यात मँटिसा (डबलमधला अंक धरणारा भाग) भरून दोनाने गुणत किंवा भागत जायचं. कोड छोटा राहतो आणि वाचताही येतो. छोट्या बोर्डावर स्टॅक पुरत नसेल तर प्रिसिजनला मर्यादा घाला, पण ती डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक लिहा.

१९९० मध्ये स्टील आणि व्हाइट, आणि डेव्हिड गे, यांनी यावर मूळ काम केलं, मग २०१० मध्ये फ्लोरियन लॉइट्शचा ग्रिसू आणि २०१८ मध्ये उल्फ ॲडम्सचा र्यू हे अल्गोरिदम आले. कुणीतरी इश्यू टाकणारच की र्यू घाला, तो वेगवान आहे. वेगवान आहेच, पण २०१८ चा मूळ र्यू सगळ्यात छोटा राउंड-ट्रिप होणारा आकडा काढतो, म्हणजे वाचून परत तोच डबल मिळेल असा. '%एफ' आणि '%ई' तुमच्याकडे नेमके इतके अंक मागतात, तो प्रश्नच वेगळा. दोन्ही हवं असेल तर छोट्या आकड्यासाठी वेगळं फंक्शन द्या, जुन्या स्पेसिफायरचा अर्थ बदलू नका. राउंड-ट्रिपच हवाय त्याला सांगा की डबलला १७ आणि फ्लोटला ९ सिग्निफिकंट अंक दिले की काम होतं.

राउंडिंगवर बग रिपोर्ट येत राहतात, त्यांचं उत्तर तयार ठेवा. २.६७५ दोन अंकांपर्यंत छापला तर २.६७ येतो आणि ते बरोबर आहे, कारण डबलमध्ये साठलेली खरी किंमत २.६७४९९९९९… अशी आहे. ०.५, १.५ आणि २.५ शून्य प्रिसिजनने छापले तर ०, २, २ यायला हवं, हे अगदी मधले आकडे आहेत आणि नेहमीच्या राउंडिंग मोडमध्ये सम संख्येकडे जातात. '%जी'मध्ये घात राउंड केल्यानंतर ठरवायचा असतो: ९९९९९९.५ ला सहा अंकांत राउंड केलं की दहा लाख होतात, म्हणून एक-ई-प्लस-०६ छापायचं, आधी ठरवलं तर सात अंकी आकडा छापून बसाल.

निगेटिव्ह झिरोला मायनस छापा. इन्फिनिटी आणि नॅनला (आकडाच नसलेल्या व्हॅल्यूला) शून्य फ्लॅग लागू नाही, तिथे पॅडिंग स्पेसनेच. नॅन ओळखायला तुलना वापरू नका, कुणीतरी फास्ट-मॅथने (अचूकतेपेक्षा वेग बघणाऱ्या कंपायलर ऑप्शनने) बिल्ड करतं आणि कंपायलर ती तुलना उडवून टाकतो, मेमकॉपीने बिट्स ६४-बिट अनसाइन्डमध्ये घेऊन बघा. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ च्या आधीच्या रनटाइममध्ये घात तीन अंकी छापला जायचा, स्टँडर्ड म्हणतं किमान दोन आणि गरज असेल तेवढेच जास्त, तेव्हा जुन्या विंडोजच्या फाइलशी जुळत नाही म्हणून कुणी आलं तर बदल तुमच्याकडे करायचा नाही.

फ्लोट टेस्ट करायला एक मोठी सोय आहे. ३२-बिट फ्लोटच्या एकूण ४२९,४९,६७,२९६ बिट-रचना आहेत, त्या सगळ्या एकेक करून छापून चांगल्या सी लायब्ररीशी ताडून बघता येतात. रोजच्या सीआयला हे जड आहे, रिलीजच्या आधी करा. डबलला ते शक्य नाही, तिथे रँडम बिट्स आणि दोनाचे घात, दहाचे घात व त्यांच्या शेजारचे आकडे घ्या.

दशांश चिन्ह लोकेलवरून घ्यायचं का, हे एकदा ठरवा आणि लिहून टाका. जर्मन लोकेलमध्ये सिस्टिमचं प्रिंटएफ ३,१४ असं छापतं, आणि त्या प्रोग्रामने जेसन लिहिला की फाइल मोडली. माझं मत स्पष्ट आहे, पोर्टेबल लायब्ररीने नेहमी पॉइंटच छापावा. लोकेल कळणारा आउटपुट हवा असेल तर वेगळं फंक्शन.

स्ट्रिंग आणि यूटीएफ-८

'%एस'ला प्रिसिजन दिली असेल तर तेवढ्या बाइट्सच्या पुढे वाचायचा अधिकारच तुम्हाला नाही, त्या ॲरेला शेवटी नल असेलच असं नाही. म्हणून स्ट्रलेन नको, मर्यादेसकट शोधणारं मेमसीएचआर वापरा. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून नेमक्या साइझचा मॅलॉक करून ही टेस्ट लिहा.

सी मध्ये '%एस'ची विड्थ आणि प्रिसिजन बाइट्समध्ये मोजतात. देवनागरीचं प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेतं, 'नमस्ते' म्हणजे ६ कोडपॉइंट आणि १८ बाइट्स. प्रिसिजन १० दिली तर तीन कोडपॉइंट पूर्ण आणि चौथ्याचा एक तुटका बाइट मिळतो, आणि पुढे तो डेटाबेस किंवा जेसन पार्सर नाकारतो. कोडपॉइंटवर कापलं तरी 'स्ते' मध्येच तुटून हलंत स उरू शकतो, आणि कॉलमची अलाइनमेंट तर बाइट्सने कधीच जुळणार नाही. मोह होतो की '%एस'लाच शहाणं करावं. करू नका, कारण बफरचा हिशेब बाइट्समध्ये करणारा सगळा जुना कोड त्यावर उभा आहे. त्याऐवजी दोन छोटी फंक्शन्स द्या, एक यूटीएफ-८ स्ट्रिंग दिलेल्या बाइट्सच्या आत कोडपॉइंटच्या सीमेवर कापणारं आणि दुसरं कापून झालेल्या बफरचं तुटकं शेपूट काढणारं. ग्राफीमवर, म्हणजे वाचणाऱ्याला एक अक्षर दिसणाऱ्या गटावर, कापायला युनिकोडची टेबल्स लागतात आणि ती दर आवृत्तीला बदलतात, ते काम या लायब्ररीत आणू नका.

'%एन' आणि सुरक्षा

'%एन' आत्तापर्यंत किती बाइट्स छापले ते आर्ग्युमेंटच्या पत्त्यावर लिहितो. युजरने दिलेली स्ट्रिंग कुणी फॉरमॅट म्हणून वापरली की हल्लेखोराला मेमरीत लिहायची सोय मिळते, २००० मध्ये डब्ल्यूयू-एफटीपीडी सर्व्हरमधली गाजलेली त्रुटी याच जातीची होती. मायक्रोसॉफ्टच्या रनटाइममध्ये तो डीफॉल्टने बंद आहे, अँड्रॉइडच्या सी लायब्ररीनेही तो काढलाय, ग्लिबसी फोर्टिफाय (जास्तीच्या सुरक्षा तपासण्या) लेव्हल २ ला फॉरमॅट लिहिता येणाऱ्या मेमरीत असेल तर प्रोग्राम थांबवते. तुमच्या लायब्ररीत चालू असेल तर बंद करा, हा एकच सुसंगतता मोडणारा बदल आहे जो मी मेजर व्हर्जनची वाट न बघता करेन. पॉइंटर आर्ग्युमेंट मात्र वाचून टाकायचं आणि निगेटिव्ह रिटर्न द्यायचा.

फझिंगसाठी, म्हणजे रँडम इनपुट देऊन चुका शोधायला, अडचण अशी की व्हीए-लिस्ट रनटाइमला बनवता येत नाही. मार्ग सोपा आहे, फझरच्या बाइट्समधून फ्लॅग, विड्थ, प्रिसिजन आणि टाइप काढा, त्यातून एकच स्पेसिफायर जोडा आणि टाइपप्रमाणे स्विच करून योग्य आर्ग्युमेंट द्या. ॲड्रेस आणि अनडिफाइंड दोन्ही सॅनिटायझर चालू ठेवा. बिग-एंडियनसाठी (मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या मशीन्ससाठी) क्यूईएमयू एम्युलेटरवर एस३९०एक्स घ्या, मशीन विकत घ्यायची गरज नाही.

नवीन गोष्टी घालताना

सी२३ ने '%बी' आणलाय, बायनरी छापायला, आणि डब्ल्यू मॉडिफायर आणलाय ज्यात बिट्सची रुंदी आकड्यानेच सांगता येते, म्हणजे ३२ किंवा ६४ साठी मॅक्रो जोडत बसायला नको. दोन्ही घाला. पण आधी बघा की तुमच्याकडे '%बी' स्वतःच्या कुठल्या एक्स्टेन्शनला वापरलाय का, वापरला असेल तर आधी एका रिलीजमध्ये तो डेप्रिकेट करा, आणि पुढच्या मेजर व्हर्जनला अर्थ बदला.

पोझिशनल आर्ग्युमेंट्स, म्हणजे फॉरमॅटमध्ये नंबर देऊन कुठलं आर्ग्युमेंट कुठे ते सांगणं, हे पॉसिक्सचं आहे, सी स्टँडर्डचं नाही. भाषांतर करणाऱ्यांना ते लागतंच, इंग्रजी वाक्यातला क्रम मराठीत तसाच राहत नाही. करायचं असेल तर पहिल्या फेऱ्यात फॉरमॅट वाचून प्रत्येक नंबरचा टाइप नोंदवायचा, मग व्हीए-लिस्टमधून क्रमाने सगळं एका ॲरेत वाचायचं, दुसऱ्या फेऱ्यात छापायचं. मध्ये एखादा नंबर गाळला असेल तर त्याचा टाइप कळायचा मार्गच नाही, तिथे एरर द्या.

नावं, व्हर्जन आणि लोकांच्या कॉपी

लायब्ररीतून एसएनप्रिंटएफ याच नावाचं सिम्बॉल एक्स्पोर्ट करू नका, लिंक करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामचं सिस्टिम फंक्शन झाकलं जाईल. स्वतःचं प्रीफिक्स लावा. मॅक्रोने नाव बदलायची सोय हवी तर ती वेगळ्या हेडरमध्ये, ज्याला हवी त्याने मागून घ्यावी, कारण सी++ मध्ये स्टँडर्ड नेमस्पेसमधलं एसएनप्रिंटएफसुद्धा त्या मॅक्रोने बदलतं आणि भलतेच एरर येतात.

अशा लायब्ररीचे बहुतेक युजर्स पॅकेज मॅनेजरमधून येत नाहीत, दोन फाइल्स स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये कॉपी करतात आणि वर्षानुवर्षं तशाच ठेवतात. म्हणून व्हर्जन हेडरमध्ये मॅक्रो म्हणून आणि सी फाइलमध्ये स्ट्रिंग म्हणून, दोन्हीकडे ठेवा, दोन जुळत नसतील तर कंपाइल होऊच नये अशी तपासणी घाला, नवीन हेडर आणि जुनी सी फाइल अशी जोडी लोक खरंच बनवतात. लायसन्स फाइलच्या वरच असू द्या. सगळा कोड एकाच सी फाइलमध्ये ठेवा, बिल्ड सिस्टिमशिवाय कंपाइल झाला पाहिजे. फ्रीस्टँडिंग (पूर्ण सी लायब्ररी नसलेल्या) वातावरणातही जीसीसीला मेमकॉपी, मेमसेट, मेममूव्ह आणि मेमसीएमपी लागतात, तुम्ही ती बोलावली नसली तरी तो साध्या लूपची ती बनवतो, हे रीडमीमध्ये आधीच सांगा, कितीतरी इश्यू वाचतील.

चेंजलॉगमध्ये 'राउंडिंग सुधारलं' असं लिहू नका. कुठला फॉरमॅट, कुठली व्हॅल्यू, आधी काय छापायचा, आता काय छापतो, अशा ओळी लिहा, गोठवलेल्या फाइलच्या डिफमधून त्या सरळ उचलता येतात. सिक्युरिटी फिक्स असेल तर त्याचा वेगळा रिलीज काढा, त्यात दुसरं काहीच नको, आणि पॅच एवढा छोटा ठेवा की ज्याने पाच वर्षांपूर्वी फाइल कॉपी केलीय त्यालाही तो हाताने लावता येईल.